संग्रहालय दिनाचा हिशेब

दर वर्षी १८ मे रोजी जगभरातील संग्रहालये 'आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन' साजरा करतात. १९४६ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने १९७७ साली ही प्रथा सुरू केली. १९९२ पासून प्रत्येक वर्षासाठी एक विषयही ठरवून दिला जातो. युरोपात याच्या जोडीला 'संग्रहालयांची रात्र' आली. बर्लिनमध्ये १९९७ साली शहरातील अनेक संग्रहालये एका रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवण्याचा प्रयोग झाला, आणि २००५ पासून अशी रात्र युरोपभर पाळली जाऊ लागली. आपल्याकडेही मोठ्या शहरांत या दिवसाचा एक साचा तयार झाला आहे. एखादे व्याख्यान, मार्गदर्शकाबरोबर दालनांतून फेऱ्या, आणि संध्याकाळी गायन, नृत्य किंवा नाट्यप्रवेश. काही ठिकाणी त्या दिवशी प्रवेश मोफत असतो.

नाटक पाहून आल्यावर आपण त्याविषयी बोलतो, वाचलेल्या पुस्तकाचे परीक्षण लिहितो. संग्रहालयाचा असा दिवस मात्र 'स्तुत्य उपक्रम' एवढ्या दोन शब्दांत निकालात निघतो. किती लोक आले याचा आकडा सांगितला जातो, पाहुण्यांची छायाचित्रे छापून येतात आणि विषय संपतो. शिक्षकाच्या दृष्टीने हा हिशेब अपुरा आहे. आलेल्या माणसाने काय पाहिले, घरी जाताना त्याच्या मनात कोणता प्रश्न होता, हे त्यात कोठेच येत नाही. म्हणून या कार्यक्रमाकडे जरा बारकाईने पाहू या.

काचेआड काय हरवते?

प्रथम परीक्षणासाठी एक कसोटी ठरवायला हवी. त्यासाठी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे उदाहरण घेऊ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी, म्हणजेच कवी 'अज्ञातवासी' यांनी, आयुष्यभर हिंडून घरगुती वापराच्या हजारो वस्तू जमवल्या आणि पुढे हा संग्रह महाराष्ट्र शासनाकडे सुपूर्द केला. दिवे, कुलपे, अडकित्ते, वाद्ये, स्वयंपाकाची भांडी असे त्याचे स्वरूप आहे.

यातला अडकित्ताच घ्या. काचेच्या कपाटात तो मोराच्या किंवा घोड्याच्या आकाराची एक सुंदर धातूची वस्तू म्हणून दिसतो. पण त्याचे खरे काम आहे सुपारी कातरणे. टेकू एका टोकाला, सुपारी टेकूजवळ आणि हाताचा जोर दुसऱ्या टोकाला, अशी ही दुसऱ्या प्रकारची तरफ आहे. समजा, टेकूपासून सुपारी ३ सेंटिमीटरवर आणि मूठ १५ सेंटिमीटरवर आहे. मग हाताने लावलेला जोर सुपारीवर पाचपट होऊन पडतो. दातांना न फुटणारी सुपारी बोटांच्या जोराने का कातरली जाते, याचे उत्तर या पाचपटीत आहे. कपाटातला अडकित्ता मात्र हलत नाही, त्यामुळे ही गोष्ट तो सांगू शकत नाही.

हीच गत इतर वस्तूंची. वाद्याचा आवाज जातो, दिव्याचा उजेड जातो, कुलपाची कळ फिरत नाही, पेंढा भरलेल्या पक्ष्याची शीळ ऐकू येत नाही. वस्तू टिकवायची तर हे करावेच लागते. शंभर वर्षांची सतार रोज कोणी छेडली तर ती आणखी शंभर वर्षे राहणार नाही. पण वस्तू जपण्याच्या या व्यवहारात तिची हालचाल, तिचा आवाज आणि तिचा उपयोग आपण गमावलेला असतो.

वर्षातील एखादा खास दिवस याच कारणासाठी हवा. काचेमुळे वस्तूपासून जे तुटले ते त्या दिवशी, निदान थोडा वेळ, परत जोडून द्यावे. व्याख्यान असो, फेरी असो की नृत्य असो, त्यामुळे दालनातली एक तरी वस्तू पूर्वीपेक्षा अधिक कळली का, हीच माझी कसोटी आहे. ती लावून तिन्ही प्रकार तपासू.

व्याख्यान : दालनात की सभागृहात?

संग्रहालयातील व्याख्याने बहुधा सभागृहात होतात. वक्ता विद्वान असतो, विषय चांगला असतो, पडद्यावर चित्रे दाखवली जातात. पण ज्या वस्तूविषयी बोलणे चालले आहे ती भिंतीपलीकडच्या दालनात असते. व्याख्यान संपल्यावर आभारप्रदर्शन आणि चहा होतो, आणि बहुतेक श्रोते ती वस्तू न पाहताच परततात. असे व्याख्यान कोणत्याही महाविद्यालयात झाले असते तरी चालले असते. ते संग्रहालयात झाले याचा काही उपयोग श्रोत्यांना झाला नाही.

याउलट एक जुने उदाहरण पाहा. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ सालापासून नाताळच्या सुटीत मुलांसाठी व्याख्याने होतात. मायकेल फॅरडे यांनी १८६०–६१ मध्ये तेथे मेणबत्तीवर व्याख्यानमाला दिली. विषय म्हणून त्यांनी घेतलेली वस्तू प्रत्येकाच्या घरात होती, आणि व्याख्यानाच्या वेळी ती समोर जळत होती. ज्योतीत काय जळते, मेण वर कसे चढते, जळताना पाणी कसे तयार होते, हे त्यांनी प्रयोग करून दाखवले. वस्तू आणि बोलणे यांच्यात अंतर नव्हते. आपल्या संग्रहालयांना यासाठी मोठा खर्च करावा लागणार नाही. सभागृहातील दीड तासाऐवजी एका कपाटासमोर वीस मिनिटे उभे राहून बोलणारा अभिरक्षक पुरेसा आहे. ऐकणारे वीसच असतील, पण त्या वीसांना वस्तू दिसेल.

फेरी : एका तासात तीस वस्तू

मार्गदर्शकाबरोबरची फेरी हा या दिवसाचा सर्वांत उपयुक्त भाग. या कल्पनेचा इतिहासही रोचक आहे. अमेरिकेत बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात बेंजामिन आइव्हज गिल्मन या अधिकाऱ्याने १९०७ च्या सुमारास प्रेक्षकांना वस्तू समजावून देणारे मार्गदर्शक नेमण्याची पद्धत सुरू केली. याच गिल्मन यांनी १९१६ साली 'संग्रहालयातील थकवा' या विषयावर एक लेख लिहिला. कपाटातील वस्तू नीट पाहून काही सोप्या प्रश्नांची उत्तरे द्यायची तर माणसाला किती वेळा वाकावे लागते, उकिडवे बसावे लागते, मान वर करावी लागते, याची छायाचित्रेच त्यांनी त्यात दिली होती. प्रेक्षक कंटाळतो तो अज्ञानामुळे, अशी समजूत असते. गिल्मन यांनी दाखवले की कपाटाची रचना माणसाच्या पाठीला आणि डोळ्यांना न मानवणारी असते.

शंभराहून अधिक वर्षांनंतरही हे निरीक्षण आपल्या फेऱ्यांना लागू पडते. एका तासाच्या फेरीत पाच दालने आणि तीस वस्तू दाखवायच्या ठरवल्या तर प्रत्येक वस्तूच्या वाट्याला दोन मिनिटे येतात. चालणे, मागे राहिलेल्यांसाठी थांबणे हे वजा करता मिनिटभर उरते. चाळीस जणांचा गट असेल तर पहिल्या रांगेतल्या आठ-दहा जणांना वस्तू दिसते, बाकीच्यांना पुढच्यांच्या पाठी दिसतात. मुले तर उंचीमुळेच बाद होतात. मार्गदर्शक कितीही चांगला असला तरी या गणितापुढे त्याचे काही चालत नाही.

यावरचा उपाय सोपा आहे. फेरीत वस्तू कमी घ्याव्यात. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. पोर्तुगिजांनी घारापुरीला 'एलिफंटा' हे नाव ज्याच्यावरून दिले तोच हा हत्ती. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलण्याचा प्रयत्न झाला. तेव्हा यारी तुटली, हत्ती खाली पडला आणि त्याचे तुकडे झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी ते तुकडे सांधून तो पुन्हा उभा केला गेला.

आठवी-नववीच्या मुलांसाठी पाऊण तासाची अख्खी फेरी या एका हत्तीभोवती होऊ शकते. हा दगड बेसाल्ट जातीचा, म्हणजे सह्याद्री ज्याचा बनला आहे तोच. त्याची घनता पाण्याच्या जवळजवळ तिप्पट, म्हणून एक घनमीटर दगडाचे वजन तीन टनांच्या आसपास भरते. मुलांनी हत्तीला हात न लावता, लांबून पट्टी धरून त्याची लांबी-रुंदी-उंची अंदाजावी. धड म्हणजे एक आडवे पिंप आणि पाय म्हणजे चार खांब असे मानून घनफळ काढावे, त्यावरून वजन काढावे. कोणाचे उत्तर कोणाशी तंतोतंत जुळणार नाही, आणि का जुळत नाही यावर चांगली चर्चा होईल. मग यारी का तुटली हा प्रश्न मुलांना आपोआप पडेल. जोडाच्या खुणा कोठे दिसतात ते मुले शोधू लागतील. मूर्ती, दगड, बंदर, यंत्र आणि परकी राजवट हे सगळे एका वस्तूपाशी एकत्र येते. तीस वस्तूंच्या फेरीत याच हत्तीच्या वाट्याला आत शिरण्यापूर्वीचे एक वाक्य आले असते.

सादरीकरण : गाणे हवे, पण कशासाठी?

या दिवसावर सर्वांत जास्त टीका होते ती संध्याकाळच्या करमणुकीवर. 'संग्रहालयात नाचगाणे कशाला?' असे काही जाणकार विचारतात. मला ही टीका मान्य नाही. जो माणूस 'हे आपल्यासाठी नाही' असे समजून संग्रहालयाच्या दारावरून रोज पुढे जातो, तो ढोलकीच्या आवाजाने आत येत असेल तर ढोलकी वाजलीच पाहिजे. आपल्या जुन्या पिढीत संग्रहालयाला 'अजबखाना' म्हणत. अचंबा ही ज्ञानाची पहिली पायरी आहे आणि तिला नाक मुरडण्याचे कारण नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. अंगणात मांडव घालून नृत्य होते, लोक टाळ्या वाजवतात आणि अंगणातूनच परत जातात. नृत्याचा आणि आतल्या एकाही वस्तूचा संबंध जोडलेला नसतो. अशा वेळी संग्रहालय हे कार्यक्रमाचे शोभिवंत ठिकाण होते, इतकेच.

हाच कार्यक्रम कसा बदलता येईल? वाद्यांच्या दालनाशेजारी तबलजीला बसवावे. तबल्याच्या पुडीवरचा काळा गोल, म्हणजे शाई, तेथे कशासाठी असतो हे त्याने आणि विज्ञानशिक्षकाने मिळून दाखवावे. साध्या ताणलेल्या कातड्यावर थाप मारली तर निघणारे वेगवेगळे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत, नुसता आवाज होतो. मधोमध शाईचे वजन दिले की ते स्वर पूर्णांकांच्या प्रमाणात येतात आणि तबला सुरात लावता येतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली शिवकाली कुमार यांच्याबरोबर भारतीय चर्मवाद्यांच्या याच गुणावर निबंध प्रसिद्ध केला होता. आधी शाई नसलेली डफली, मग तबला असे ऐकवले तर फरक शेवटच्या रांगेतल्या मुलालाही कळतो. ऐकून झाल्यावर मुले काचेआडच्या वाद्यांकडे जातील ती 'याला शाई आहे का?' हे पाहायला. इथे सादरीकरण वस्तूकडे नेणारे झाले.

विज्ञानाच्या इतिहासातही याचे उत्तम उदाहरण आहे. १८५१ साली लेऑं फुको यांनी पॅरिसच्या पँथिऑन या वास्तूत ६७ मीटर लांबीच्या तारेला २८ किलोग्रॅमचा गोळा टांगून लोकांसमोर झुलवला. लंबकाच्या झुलण्याची दिशा हळूहळू वळताना लोकांनी पाहिली आणि पृथ्वी फिरते याचा पुरावा त्यांना डोळ्यांदेखत मिळाला. पॅरिसमध्ये ती दिशा तासाला सुमारे ११ अंश वळते. मुंबईच्या अक्षांशावर ती सुमारे ५ अंश वळेल. गर्दी जमवणारा हा खेळ होता आणि त्यातला प्रत्येक क्षण विज्ञानाचाही होता. करमणूक आणि शिक्षण यांत भांडण असलेच पाहिजे असे नाही.

विज्ञान केंद्रांचा प्रश्न उलटा

इथे एखादा वाचक म्हणेल की काचेची ही अडचण विज्ञान केंद्रांना नाही. खरे आहे. मुंबईच्या वरळी येथील नेहरू विज्ञान केंद्रासारख्या संस्थेत (स्थापना १९८५) वस्तू हाताळण्यासाठीच मांडलेल्या असतात. पण गर्दीच्या दिवशी तेथे दुसरा दोष दिसतो. मूल धावत येते, बटण दाबते, काही हलले की पुढच्या बटणाकडे पळते. हात लागतो, पण डोळा थांबत नाही. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९६९ साली फ्रँक ओपनहायमर यांनी 'एक्स्प्लोरेटोरियम' सुरू केले तेव्हा प्रयोगांजवळ तरुण विद्यार्थ्यांना उभे करण्याची पद्धत पाडली. हे विद्यार्थी मुलांशी गप्पा मारत आणि त्यांना प्रश्न विचारत. आपल्याकडे खास दिवशी पाहुणे आणि फलक यांवर जो खर्च होतो, त्यातला काही भाग अशा दहा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणाकडे वळवला तर बटणे दाबणाऱ्या मुलांना थांबायला कारण मिळेल.

तारीखच अडचणीची

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. महाराष्ट्रात १८ मे हा दिवस उन्हाळी सुटीच्या ऐन मध्यावर येतो. शाळा बंद असतात, शिक्षक गावी गेलेले असतात, ऊन कडक असते. त्या दिवशी संग्रहालयात येणारी मुले आईवडिलांचा हात धरून येतात. अशी आवड असलेले आईवडील एरवीही मुलांना घेऊन आले असते.

ज्या मुलाला घरून कोणी संग्रहालयात नेणार नाही, त्याला ते दाखवणारी एकच संस्था आहे, ती म्हणजे शाळा. जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेतील मुलगी आयुष्यात पहिल्यांदा संग्रहालयात पाऊल टाकते ते शाळेच्या सहलीत. ही सहल बहुधा हिवाळ्यात असते, एका दिवसात पाच ठिकाणे उरकायची असतात आणि त्यात संग्रहालयाला पाऊण तास मिळतो. त्या दिवशी तेथे ना व्याख्यान असते, ना तबलजी. ज्या मुलांना संग्रहालय समजावून देण्याची सर्वांत जास्त गरज आहे त्यांना ते मुके भेटते, आणि ज्यांना ती गरज कमी आहे त्यांच्यासाठी सगळा सोहळा होतो. या दिवसाच्या आखणीतला हा खरा दोष आहे, आणि तो कोणा एका संस्थेचा नाही.

तारीख जागतिक आहे, ती आपण बदलू शकत नाही. पण त्याच कार्यक्रमाची दुसरी आवृत्ती शाळा भरलेल्या असताना घेता येते. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन १९८७ पासून देशभर पाळला जातो. रामन यांच्या शोधाची आठवण म्हणून तो निवडला गेला, तेव्हा वर सांगितलेला तबल्याचा कार्यक्रम त्या दिवशी शोभेलच. नोव्हेंबर-डिसेंबरात सहलींच्या काळात आठवड्यातून एक 'शाळांचा दिवस' ठेवणेही शक्य आहे. शाळा येऊ शकत नसेल तर संग्रहालयाने जावे, हा विचारही नवा नाही. कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक व तंत्रज्ञान संग्रहालयाने १९६५ सालीच फिरते विज्ञान प्रदर्शन रस्त्यावर आणले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानेही फिरत्या बसचा उपक्रम २०१५ मध्ये सुरू केला.

संग्रहालयांची बाजूही ऐकायला हवी. अभिरक्षक मोजके असतात, त्यांच्यावर जतनाचे आणि नोंदींचे काम असते. वर्षभर रोज असे कार्यक्रम करा, असे त्यांना सांगणे अन्यायाचे होईल. म्हणूनच या कामात शिक्षकांनी निम्मा वाटा उचलला पाहिजे. वस्तूचा इतिहास अभिरक्षकाला माहीत असतो. ती कोणत्या इयत्तेच्या कोणत्या धड्याशी जोडायची हे शिक्षकाला कळते.

त्यासाठी एवढे करता येईल. जूनमध्ये वार्षिक नियोजन करताना जवळच्या संग्रहालयाला एक पत्र लिहावे. सहलीची तारीख कळवावी आणि दोन-तीन वस्तूंची नावे द्यावीत. त्या वस्तूंसमोर वीस मिनिटे बोलायला कोणी मिळेल का, त्यांच्यासारखी एखादी साधी वस्तू मुलांना हातात घ्यायला मिळेल का, असे विचारावे. त्यासाठी जुना अडकित्ता आणि दोन सुपाऱ्या शाळेतूनही नेता येतील. सहलीआधी वर्गात त्या वस्तूंची चित्रे दाखवून मुलांकडून प्रश्न लिहून घ्यावेत. परत आल्यावर कोणते प्रश्न सुटले आणि कोणते नवे पडले ते फळ्यावर मांडावे आणि त्याची एक प्रत संग्रहालयाला पाठवावी. पुढच्या मे महिन्यात कार्यक्रम आखणाऱ्यांच्या हाती किती लोक आले या आकड्याबरोबर मुलांच्या प्रश्नांची ही यादीही असेल.